क्रिश ३ : चित्रपट आणि चाहत्यांचा संमिश्र प्रतिसाद

क्रिश ३ : राकेश रोशन यांनी निर्माण व दिग्दर्शित केलेला हिंदी चित्रपट. १ नोव्हेंबर २०१३ रोजी, धनत्रयोदशीच्या दिवशी, तो प्रदर्शित झाला. अतिमानवी सामर्थ्य लाभलेल्या नायकाची, म्हणजे प्रचलित भाषेतील सुपरहीरोची, कथा सांगणाऱ्या मालिकेतील हा तिसरा चित्रपट असून, ‘कोई... मिल गया’ (२००३) व ‘क्रिश’ (२००६) हे त्याचे पूर्वसूरी होत. हृतिक रोशन यांनी यात पिता रोहित मेहरा व पुत्र कृष्णा मेहरा अशा दोन भूमिका केल्या. प्रियांका चोप्रा, विवेक ओबेरॉय व कंगना रणौत यांच्याही प्रमुख भूमिका आहेत. तिकीटबारीवर त्या वर्षातील अग्रगण्य हिंदी चित्रपटांत त्याची गणना झाली. परंतु ज्या चाहत्यांनी सात वर्षे त्याची वाट पाहिली होती, त्यांच्यातच त्याच्याविषयी जे दोन तट पडले, ते लोकप्रिय कलेच्या अभ्यासकाने अवश्य ध्यानात घ्यावेत असे आहेत.

पूर्वपीठिका : मालिकेचा आरंभ अतिमानवापासून झालाच नव्हता. ‘कोई... मिल गया’ मधील रोहित हा बुद्धीची वाढ खुंटलेला, समवयस्कांच्या उपहासाचा धनी झालेला तरुण होता, आणि परग्रहावरून आलेल्या ‘जादू’ नामक जीवाच्या स्नेहामुळे त्याला जे सामर्थ्य लाभले, त्याची गोडी त्याच्या पूर्वीच्या असहायतेमुळेच प्रेक्षकाला कळली. अन्य सामाजिक विषयांवरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, हे त्याच्या आशयाशी सुसंगतच होते. २३ जून २००६ रोजी आलेल्या ‘क्रिश’ मध्ये रोहितचा पुत्र कृष्णा डोंगराळ मुलखात आजीच्या पंखाखाली वाढतो, प्रेयसी प्रियाच्या ओढीने सिंगापूरला जातो, आणि सर्कशीला लागलेल्या आगीतून मुलांना वाचविताना तोंडावर मुखवटा चढवून ‘क्रिश’ हे दुसरे रूप धारण करतो. रेखा यांनी रंगविलेली आजी व नसीरुद्दीन शाह यांचा महत्त्वाकांक्षी शास्त्रज्ञ डॉ. आर्य ही त्या चित्रपटाची बलस्थाने होती. विशेष दृश्यपरिणामांसाठी त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार लाभला. तिसऱ्या चित्रपटाकडे प्रेक्षक गेला तो ही दुहेरी शिदोरी, पित्याच्या निरागसतेची व पुत्राच्या पराक्रमाची, बरोबर घेऊनच गेला.

कथानक : तिसऱ्या भागाची कथा मुंबईत घडते. कृष्णा आता प्रियाशी विवाहित असून, संकटात सापडलेल्यांच्या मदतीला धावताना त्याची नोकरी वारंवार सुटते. वृद्ध होत चाललेला रोहित सूर्याच्या ऊर्जेने मृत पेशींत प्राण फुंकण्याचा प्रयोग करीत असतो. मानेखाली पंगू असूनही केवळ मनोबलाने वस्तू हलविणारा काल हा खलनायक माणूस व पशू यांच्या संकरातून ‘मानवर’ निर्माण करतो, रोगाची साथ पसरवितो आणि तिच्या उताऱ्याचा व्यापार मांडतो. वाटेल त्याचे रूप घेऊ शकणारी काया ही त्याची दूती प्रियाच्या रूपाने कृष्णाच्या घरात शिरते आणि अखेर त्याच्याच प्रेमात पडते. काल हा रोहितच्याच जैविक अंशापासून जन्मलेला असल्याचे उघड होते, तेव्हा नायक व खलनायक यांच्यात रक्ताचे नाते प्रस्थापित होते. आणि मरणोन्मुख पुत्राला जीवदान देताना रोहितला आपले प्राण वेचावे लागतात.

अनुकूल मत : चित्रपटाच्या पक्षाने बोलणाऱ्यांचा पहिला आधार दृश्यपरिणामांचा होता. हे काम रेड चिलीज व्हीएफएक्स या मुंबईतील संस्थेकडे होते. ज्या कारागिरीसाठी परदेशी तंत्रज्ञांकडे पाहण्याचा प्रघात पडला होता, ती स्वदेशात मोठ्या प्रमाणावर साधता येते, संकटात सापडलेले विमान सावरणारा नायक आपल्याच शहराच्या आकाशात विश्वासार्ह वाटू शकतो, याचा अभिमान अनेकांनी मोकळेपणाने व्यक्त केला. दुसरा आधार हृतिक रोशन यांच्या अभिनयाचा होता : एकाच चौकटीत वाकलेल्या खांद्यांचा, अडखळत बोलणारा पिता आणि ताठ कण्याचा पुत्र उभे राहतात, तेव्हा एकाच नटाचे हे दोन देह आहेत याचे भान सुटते, हे विरोधकांनीही मान्य केले. कंगना रणौत यांच्या कायेत क्रौर्य व कोवळीक यांचा जो मिलाफ आढळला, त्याचीही वाखाणणी झाली. तिसरा आणि सर्वांत बळकट आधार कौटुंबिक भावनेचा. मुखवट्यामागचा नायक हा येथे एकाकी सूडकरी नाही. तो कुणाचा पुत्र, कुणाचा पती व होऊ घातलेला पिता आहे, आणि दुसऱ्याच्या मुखावर हसू फुलविणारा कोणीही क्रिशच होय, हा चित्रपटाचा उपदेश बालप्रेक्षकांनी मनापासून स्वीकारला. दिवाळीच्या सुटीत आईबापांचा हात धरून चित्रपटगृहात शिरलेल्या मुलाला त्यात कोणतेही न्यून दिसले नाही, आणि त्या मुलाची साक्ष या वादात गौण मानणे अन्यायाचे होईल.

प्रतिकूल मत : उलट बाजूच्या फिर्यादीतील प्रमुख कलम अनुकरणाचे होते. चाकांच्या खुर्चीत बसून मनोबलाने आज्ञा करणारा पुरुष, धातूवर चालणारी त्याची सत्ता, रूप पालटणारी स्त्री व पशुगुणांनी युक्त अनुचर, ही सर्व सामग्री २००० साली सुरू झालेल्या ‘एक्स-मेन’ या अमेरिकन चित्रपटमालेतून उचललेली आहे. नोकरी न टिकणारा नायक ‘स्पायडरमॅन २’ (२००४) ची आठवण करून देतो, आणि कोसळत्या इमारतींमधील अखेरचे द्वंद्व त्याच वर्षी जून महिन्यात आलेल्या ‘मॅन ऑफ स्टील’ची, असे आक्षेप समीक्षकांनी घेतले व चाहत्यांनीही दुजोरा दिला. खरे पाहता हा आक्षेप मालिकेच्या जन्मापासूनचा आहे. पहिल्या चित्रपटाच्या वेळीही स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘ई. टी.’ (१९८२) चा उल्लेख झालाच होता. तथापि त्या वेळी रोहितचे अस्सल माणूसपण उसनवारीवर मात करून गेले, आणि तिसऱ्या वेळी उसनवारीचा भार वाढला, हा फरक चाणाक्ष चाहत्यांनी नेमका हेरला.

दुसरे कलम संगीताविषयी होते. तिन्ही चित्रपटांचे संगीतकार राजेश रोशन. परंतु पहिल्या दोन चित्रपटांतील गीते प्रेक्षकांच्या ओठी जशी रुळली, तशी तिसऱ्यातील रुळली नाहीत, आणि गीते कथेला खीळ घालतात ही तक्रार सर्रास ऐकू आली. तिसरे कलम प्रियाच्या पात्राचे : ‘क्रिश’ मध्ये कथेला गती देणारी ही स्त्री येथे बव्हंशी बंदिवासात पडून राहते, आणि तिच्या वाट्याचा अवकाश तिचे रूप घेतलेल्या कायेकडे जातो. चौथे कलम अधिक हळवे होते. ज्या ‘जादू’च्या स्पर्शाने हे सारे सामर्थ्य उगम पावले, त्याला या कथेत स्थान नाही, आणि ज्या रोहितवर प्रेक्षकांनी दहा वर्षे माया केली, त्याला कथेने निरोप दिला. काहींना हा निरोप पितृत्वाची परिपूर्ती वाटला. काहींना घरातील वडील माणूस हरपल्याप्रमाणे दुःख झाले, व ते दुःखच त्यांच्या नापसंतीच्या मुळाशी होते.

मराठी मुलखातील पूर्वपरंपरा : अतिमानवी नायक ही पश्चिमेकडून आयात झालेली चीज आहे, हा समज इतिहासाला धरून नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये हनुमंताचा पराक्रम आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) मध्ये, स्वतःची कन्या मंदाकिनी हिला बालकृष्णाची भूमिका देऊन, यमुनेच्या डोहातील सर्पदमन पडद्यावर आणले. चित्रणाच्या युक्त्यांनी अद्भुत साकारण्याची भारतीय परंपरा तेथपासून चालत आलेली आहे, आणि क्रिशचे मूळ नाव कृष्णा असणे हे त्याच वंशाशी नाते सांगते. प्रत्येक गावाच्या वेशीवरील मारुती व तालमीतील त्याची उपासना यांमुळे बलाला लोकरक्षणाचे कर्तव्य जोडण्याची कल्पना मराठी मनाला उपजतच परिचित आहे. पुढे इंद्रजाल कॉमिक्सच्या पानांतून वेताळ व जादूगार मँड्रेक मराठी घरांत आले. १९९७ पासून दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ने एका संपूर्ण पिढीचे रविवार व्यापले. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव येथे नासिर शेख व त्यांच्या सोबत्यांनी अत्यल्प साधनांत स्वतःचा सुपरमॅन चित्रित केला, आणि फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटामुळे तो उद्योग जगभर ज्ञात झाला. निखिल महाजन यांचा ‘बाजी’ (२०१५) हा श्रेयस तळपदे यांची भूमिका असलेला मराठी चित्रपटही याच प्रेरणेचे अपत्य होय. ज्या प्रदेशात प्रेक्षक स्वतःच नायक घडवू धजतो, तेथे बाहेरून आलेल्या नायकाची कसून परीक्षा होणे स्वाभाविक आहे.

किनवट व सीमाभाग : याच मराठी मुलखाच्या सीमेवरील, नांदेड जिल्ह्यातील किनवट हा पैनगंगेच्या काठचा, सागवानी अरण्याने वेढलेला तालुका पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरील या गावाच्या मुलखात मराठी, तेलुगू, दखनी उर्दू, बंजारा, गोंडी व कोलामी या भाषा एकमेकींच्या शेजारी नांदतात, आणि जिल्ह्याची सरहद्द ओलांडली की तेलुगू चित्रपटांचा अंमल सुरू होतो. ‘क्रिश ३’ हिंदीसोबत तेलुगू व तमिळ भाषांतही प्रदर्शित झाला, तेव्हा तो अशाच बहुभाषी प्रेक्षकाला उद्देशून होता असे म्हणता येते. या प्रेक्षकाच्या ठायी एक वेगळी कसोटी सिद्ध असते. के. व्ही. रेड्डी दिग्दर्शित ‘मायाबाजार’ (१९५७) मध्ये एन. टी. रामाराव यांचा कृष्ण व एस. व्ही. रंगाराव यांचा घटोत्कच ज्या परंपरेने पाहिला व पिढ्यान्‌पिढ्या आठविला, तिला मानवी मर्यादा ओलांडणाऱ्या नायकाचे नुसते दर्शन पुरत नाही. त्या अद्भुताला विनोद, वात्सल्य व नीती यांचे अस्तर आहे की नाही, हे ती पाहते. सीमाभागातील चाहत्याचा कौल मुंबईच्या वा परदेशाच्या फूटपट्टीने मोजण्याऐवजी त्याच्या स्वतःच्या या संस्कारावरून समजून घेणे अधिक न्याय्य आहे.

मतभेदाची मीमांसा : दोन्ही पक्षांची कैफियत एकत्र वाचली असता असे दिसते, की त्यांचे भांडण चित्रपटाशी कमी आणि उत्तरभागाच्या स्वरूपाशी अधिक होते. उत्तरभागाला दोन परस्परविरोधी हुकूम एकाच वेळी पाळावे लागतात : ओळखीचे सारे जपावे, आणि तरीही नवे काही द्यावे. ‘क्रिश ३’ ने ओळखीचे जपण्यासाठी पितापुत्रांचे नाते घेतले, व नवे देण्यासाठी परकीय चित्रपटांचे भांडार उघडले. पहिल्या निर्णयाला सर्वांची संमती मिळाली. दुसऱ्याला, ज्यांनी ते भांडार पूर्वी पाहिले नव्हते त्यांची मिळाली आणि ज्यांनी पाहिले होते त्यांची मिळाली नाही. म्हणून हा मतभेद बराचसा वयाचा व अनुभवाचा होता. २००३ साली दहा वर्षांचा असलेला प्रेक्षक २०१३ साली वीस वर्षांचा झाला होता. त्याची अभिरुची मालिकेसोबत वाढावी अशी त्याची अपेक्षा होती, तर निर्मात्यांची दृष्टी नव्याने दहा वर्षांच्या झालेल्या मुलाकडे होती. या दोघांना एकाच आसनावर बसविणे कोणत्याही दिग्दर्शकाला कठीणच.

मूल्यमापन : तंत्राच्या बाबतीत ‘क्रिश ३’ ने भारतीय चित्रपटाला पुढे नेले, याविषयी शंका नसावी. परंतु तंत्र जुने होते, आजचा चमत्कार उद्या सामान्य ठरतो. टिकते ते रोहितचे अडखळणारे बोलणे आणि पुत्रासाठी त्याने केलेला प्राणत्याग, कारण ते कोणाकडूनही उसने आणलेले नव्हते. असंतुष्ट चाहत्यांनी या चित्रपटाचा द्वेष केला असे म्हणणे अयथार्थ होय. आपल्या मातीतील नायकाने आपल्याच बळावर उभे राहावे, हा त्यांचा आग्रह होता, आणि तो आग्रह प्रेमातूनच उपजलेला होता. ज्यांनी टाळ्या वाजविल्या व ज्यांनी तक्रार केली, त्या दोघांचीही या नायकावर सारखीच माया आहे, ही गोष्ट पुढील भाग रचणाऱ्यांनी कधीही नजरेआड होऊ देऊ नये. मालिकेचा चौथा चित्रपट हृतिक रोशन स्वतः दिग्दर्शित करणार असल्याची घोषणा मार्च २०२५ मध्ये करण्यात आली.