दार उघडं ठेवणाऱ्या बाई

गेली दोन वर्षं मी काही जुन्या पत्रांचा इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते आहे. पत्रं पंडिता रमाबाईंची आणि त्यांना आलेली. इंग्लंडमधल्या सिस्टर जेराल्डीन यांनी ती जपून ठेवली, आणि १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने त्यांचं पुस्तक काढलं. रमाबाईंच्या धर्मांतराचा अभ्यास करणारे हे पुस्तक हमखास उघडतात. एक विदुषी आणि चर्च यांच्यातलं भांडण त्यात सापडतं, आणि ते आहेच. पण ओळीमागून ओळ मराठीत आणताना मला त्यात दुसरंही एक बोलणं ऐकू येऊ लागलं. पत्रं लिहिणाऱ्यांत तीन बायका मुख्य आहेत. तिघींनीही आयुष्यात शिकवण्याचं काम केलं आणि तिघीही ख्रिस्ती होत्या. आपली श्रद्धा शिकवण्यात कुठवर यावी, हा त्यांच्यापुढचा रोजचा प्रश्न होता.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्यासाठी उडुपीच्या विद्वानांपुढे त्यांना शास्त्राधार द्यावे लागले. पुढे त्या आईनेच, लक्ष्मीबाईंनी, मुलीला शिकवलं. म्हणजे शिकवणं हे या घरात सुरुवातीपासून जाब द्यावा लागणारं काम होतं. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. १८८० साली लग्न झालं, दोन वर्षांत वैधव्य आलं आणि पदरात लहानगी मनोरमा राहिली. १८८२ साली पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना मुलींसाठी स्त्री शिक्षिका हव्यात असं सांगितलं. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या अँग्लिकन जोगिणींच्या मठात राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. पुढच्या वर्षी रमाबाई चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात गेल्या. तिथल्या प्राचार्य डोरोथिया बील या तिसऱ्या बाई. मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी १८५८ पासून ते कॉलेज उभं केलं होतं आणि मुलींना बायबलचे पाठ त्या स्वतः देत असत.

पहिली ठिणगी वर्गावरूनच पडली. रमाबाईंनी भारतीय भाषा शिकवाव्यात आणि शिकणाऱ्यांत पुरुषही असावेत, अशी कल्पना पुढे आली. मुंबई आणि लाहोर इथल्या बिशपांनी तिला विरोध केला. पुरुषांना शिकवलं तर भारतात परतल्यावर आपल्या समाजात त्यांचं वजन राहणार नाही, असं त्यांना वाटत होतं. रमाबाईंनी बीलबाईंना जे उत्तर लिहिलं त्यात चीड आहे आणि नवलही. आपल्या आईने किंवा आपण तरुण मुलांना शिकवलं तर त्याला ना वडिलांनी हरकत घेतली ना नवऱ्याने, आणि इथे इंग्रज लोक ती घेतात, याचं त्यांना आश्चर्य वाटलं. देशात त्या भरसभेत पुरुषांपुढे बोलल्या होत्या. त्यांच्या समाजाला काय चालतं हे त्यांच्यापेक्षा लाहोरच्या बिशपांना जास्त कळतं, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं.

मग लहानसहान गोष्टी निघाल्या. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत? लॅटिनमध्ये असं काय आहे की जे आपल्या जुन्या भाषेत नाही? खाणं शाकाहारी का नसावं? जेराल्डीनबाईंना यात जातीचा अभिमान दिसत होता, आणि तो अजिबात नाही असं रमाबाईंनीही कधी म्हटलं नाही. पण शिष्येला आज्ञाधारक करणं हेच धर्मशिक्षण, हे त्या मानत नव्हत्या. सदसद्विवेक आपला, बुद्धी आपली, निर्णय आपला, आणि आज्ञा पाळायची ती देवाची, धर्मगुरूंची नव्हे, असं १८८५च्या मे महिन्यात त्यांनी जेराल्डीनबाईंना स्पष्ट कळवलं. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांच्या गळी उतरत नव्हता आणि तो उतरल्याचं त्यांनी दाखवलं नाही.

बीलबाईंचा सूर वेगळा आहे. या बाईंना ख्रिस्ती धर्म केवळ घडून गेलेला इतिहास म्हणून देता येणार नाही, त्यांनी तो तत्त्वज्ञान म्हणून अभ्यासला पाहिजे, असं त्यांनी जेराल्डीनबाईंना समजावलं. रमाबाईंच्या शंकांना त्यांनी लांबलचक उत्तरं लिहिली, न चिडता. जुन्या शिक्षिकेला जे माहीत असतं ते त्यांना माहीत होतं. प्रश्न विचारणारी मुलगी वर्गातून उठून गेलेली नसते, ती अजून वर्गातच बसलेली असते.

या पत्रव्यवहारातला सगळ्यात अवघड भाग मनोरमेचा आहे. रमाबाई चेल्टनहॅमला असताना चार वर्षांची ही मुलगी बराच काळ वाँटेजला, जेराल्डीनबाईंपाशी असे. तिला प्रार्थना, धर्मकथा, सिद्धान्त शिकवले जात. शिकवणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं. बाप्तिस्मा झालेलं मूल चर्चचं, मग त्याला चर्चची शिकवण द्यायची नाही तर काय? रमाबाईंना ते मान्य नव्हतं. मला स्वतःला अजून पटलेलं नाही ते माझ्या मुलीच्या मनात आत्ताच भरू नका; तिला काय शिकवायचं हे मी, तिची आई, ठरवीन; आणि ती आपल्या देशाला परकी होईल असं तिला वाढवू नका. त्यांच्या म्हणण्याचा आशय हा. ख्रिस्ती शिक्षिकांपुढे एक ख्रिस्ती आई पालक म्हणून उभी होती.

ही पत्रं मी अनुवादित केली तेव्हा पुढचा इतिहास मला माहीत होताच. तरी तो या पत्रांशेजारी ठेवून वाचायचं आधी सुचलं नव्हतं.

१८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी रमाबाई अमेरिकेत गेल्या आणि तिथेच दोन-अडीच वर्षं राहिल्या. फिलाडेल्फियात त्यांनी फ्रोबेलची बालशिक्षणाची पद्धत शिकून घेतली. १८८७च्या डिसेंबरात बॉस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. उच्चवर्णीय हिंदू विधवांच्या शाळेला दहा वर्षं पैसा द्यायचा, आणि शाळेत धर्म शिकवायचा नाही, असं ठरलं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आलं. मुलींना आपापले आचार, सोवळंओवळं पाळायची मोकळीक होती. सल्लागार मंडळात न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं होती. पहिल्या विद्यार्थिनींत विशीतल्या गोदूबाई होत्या. पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या बाया कर्वे म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत.

वर्गात धर्म नव्हता, तरी वर्गाला लागून शिक्षिकेची खोली होती. त्या खोलीत रमाबाई मनोरमेबरोबर बायबल वाचत, प्रार्थना करत. खोलीचं दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलावलं नव्हतं, तसंच उठूनही लावलं नाही. ‘केसरी’तून आधीपासून टीका होत होतीच, ती वाढली. सल्लागार मंडळाचं म्हणणं होतं की हे वचनभंगासारखं आहे. रमाबाईंचं म्हणणं होतं की धर्म न शिकवण्याचं वचन मी शाळेपुरतं दिलं, स्वतःच्या खोलीत लपून प्रार्थना करण्याचं दिलं नाही. १८९३च्या ऑगस्टमध्ये रानडे, भांडारकर यांनी मंडळ सोडलं आणि ते जाहीर केलं. बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. तीन वर्षांनी अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांसाठी आपला आश्रम काढला.

मराठीत या प्रकरणावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. कुणी रमाबाईंना फसव्या म्हटलं, कुणी पुण्याला संकुचित. मला आता दिसतं ते एवढंच, की आठ वर्षांपूर्वी वाँटेजला रमाबाई जिथे उभ्या होत्या तिथे १८९३ साली पुण्यातले पालक उभे होते, आणि जेराल्डीनबाईंच्या जागी रमाबाई. आमच्या मुलींना काय शिकवायचं ते आम्ही ठरवू, हे वाक्य तेच होतं.

पण पुरतं तेच नव्हतं. मनोरमा चार वर्षांची होती, गोदूबाई विशीतल्या. सदनातल्या मुलींचे पालक म्हणजे कुणाचे सासरे, कुणाचे दीर. त्यातल्या काहींच्या लेखी घरातली विधवा म्हणजे ओझं होतं. अशा मुलीच्या मनावर पालकाचा हक्क किती आणि तिचा स्वतःचा किती? रमाबाईंनी जेराल्डीनबाईंकडे जो सदसद्विवेक स्वतःसाठी मागितला होता, तो या मुलींनाही होता. उघडं दार म्हणजे त्यांच्या त्या हक्काचा मान, असं रमाबाई समजत असाव्यात. शिवाय १८९१च्या सुमाराला त्यांची स्वतःची श्रद्धाही बदलली होती. आधी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, अशा अर्थाचं त्यांनी पुढे आत्मनिवेदनात लिहिलं. दार आधीही उघडं होतं, पण आतली बाई आता तीच नव्हती.

या अनुवादातली काही पानं मी मागच्या वर्षी वसईला वाचून दाखवली. माझी एक मैत्रीण तिथल्या मराठी शाळेत शिकवते. ती आणि आणखी चार-पाच ख्रिस्ती शिक्षिका महिन्यातल्या एका शनिवारी कुणाच्या तरी घरी जमतात. बहुतेक जणी वसईच्या कॅथलिक, एक जण नगरकडची प्रोटेस्टंट. प्रार्थना होते, चहा होतो आणि मग शाळेतलं बोलणं. कॉपी करताना सापडलेल्या मुलाला क्षमा करायची म्हणजे नेमकं काय करायचं, पालक सभेत जात काढून बोलणाऱ्याला काय सांगायचं, असे त्यांचे विषय.

उघड्या दाराचं ऐकून विज्ञान शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, “दार उघडं होतं हे खरं. पण आत बाई होत्या ना? पोरींना खायला-प्यायला, राहायला त्याच बाई देत होत्या. त्यांचं दार आणि शेजारणीचं दार पोरींना सारखं कसं वाटेल?”

नगरच्या बाई म्हणाल्या, “मग काय, बंद करून घ्यायचं? मी वर्गात कधी प्रार्थना घेत नाही. पण पेपर तपासायच्या आधी मी डोळे मिटते, ते पोरं बघतात. ते कुठे लपवू?”

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मैत्रिणीने माझ्या कागदावर बोट ठेवलं. इंग्रजीतला ‘इन्फ्लुअन्स’ हा शब्द मी जेराल्डीनबाईंच्या तोंडी ‘संस्कार’ असा केला होता आणि पुण्याच्या भागात ‘प्रभाव’ असा. ती म्हणाली, “हे बघ, संस्कार म्हटलं की कुणी तक्रार करत नाही. प्रभाव म्हटलं की चौकशी लागते. आमच्या बाबतीत कुठला शब्द वापरतात, आम्हाला ठाऊक आहे.”

मला माझी शाळा आठवली. दर दसऱ्याला आमच्याकडे पाटीपूजन असे. पाटीवर सरस्वती काढायची, झेंडूचं फूल वाहायचं. वर्गात एक ख्रिस्ती आणि दोन मुसलमान मुली होत्या. त्याही आमच्याबरोबर हात जोडून उभ्या राहत. त्यांच्या घरी कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नाही. तो धर्म आहे असंच मला वाटत नव्हतं. तौलनिक साहित्यात एम.ए. करताना ‘दुसरा’ या संकल्पनेवर मी पानंच्या पानं लिहिली, पण त्या तिघी मला आठवल्या वसईत, एका शब्दावरून.

संविधानाच्या २८व्या अनुच्छेदाने यावर काही उत्तर दिलं आहे. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही स्वतःच्या, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. रमाबाईंनी मनोरमेसाठी मागितलं ते जवळजवळ हेच. पण कायदा उपासनेपाशी थांबतो. मिटलेले डोळे, उघडं दार, फळ्याच्या कोपऱ्यातली सरस्वती यांचं काय करायचं हे शिक्षकालाच रोज ठरवावं लागतं, आणि चार सहकाऱ्यांशी बोलल्याशिवाय ते नीट ठरत नाही. चेल्टनहॅम आणि वाँटेजच्या त्या बायका हेच करत होत्या, कडाक्याने भांडत. भांडण होऊनही पत्रं थांबली नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं.

रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्ती सदन उभारलं. तिथे श्रद्धा खोलीत ठेवायची अट उरली नव्हती. शेवटची वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीकमधून मराठी बायबल करण्यात घालवली. साध्या बायकांना कळावं म्हणून सोपे शब्द निवडले. अनुवाद करताना शब्द कुणाच्या बाजूचा आहे हे बघावं लागतं, हे त्यांना चांगलंच माहीत होतं.

वसईहून परतल्यावर मी कागद पुन्हा काढले. शिक्षिकेचा मुलांवर होणारा परिणाम जिथे म्हणायचा आहे तिथे सगळीकडे आता ‘प्रभाव’ लिहिलं आहे. वाँटेजला तोच शब्द, पुण्याला तोच शब्द. काही ठिकाणी वाक्य जरा कानाला टोचतं. तसंच राहू दिलं आहे.