खरेदीखतात न लिहिलेली उष्णता

पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे निघाले की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. त्याच्या अलीकडे शिरढोण हे गाव लागते. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी या गावी झाला, हे आपण सारेच शाळेत शिकवतो. या लेखात मात्र शिरढोणच्या निमित्ताने आम्हांला एका वेगळ्याच इतिहासाकडे वळायचे आहे. त्याचाही एक धागा फडक्यांच्या काळापर्यंत जाऊन पोहोचतो.

प्रारंभी एक साधा प्रश्न. समजा, शिरढोणमधले एक जुने कौलारू घर आणि पनवेल परिसरातील नव्या इमारतीतला सर्वांत वरच्या मजल्यावरचा एक फ्लॅट अशी दोन घरे विकायला निघाली आहेत. कागदावर काय काय लिहिले जाईल? क्षेत्रफळ, चतुःसीमा, गट क्रमांक, किंमत, मुद्रांक शुल्क. घर भाड्याने द्यायचे असेल तर भाडे, अनामत रक्कम, मुदत आणि वीजबिल कोणी भरायचे, तेही लिहिले जाईल. पण मे महिन्यात दुपारी तीन वाजता त्या घरात बसवते का, छपरातून किती उष्णता आत येते, वारा खेळता ठेवण्याएवढ्या खिडक्या आहेत का, याविषयी एक ओळही कागदावर नसते. घेणाऱ्याला ते कळते पहिल्या उन्हाळ्यात, म्हणजे सही झाल्यानंतर!

आम्हीही एकदा असे फसलो आहोत. हिवाळ्यात पाहिलेले वरच्या मजल्यावरचे घर ‘हवेशीर’ म्हणून भाड्याने घेतले. एप्रिलमध्ये रात्री अकरा वाजता खाटेवर उभे राहून छताला हात लावला, तर ते गरमच. दिवसभर उन्हात शोषलेली उष्णता स्लॅब काही तास उशिराने खोलीत सोडत होता. पदार्थविज्ञान शिकलेल्या आम्हांला हे आधीच सुचायला हवे होते. परंतु आम्ही विचारले नाही आणि घरमालकाने सांगितले नाही. त्याने सांगावे असे कोणतेही बंधन त्याच्यावर नव्हते.

घर विकताना किंवा भाड्याने देताना त्याच्या ऊर्जेचा दाखला द्यावा, ही कल्पना जगात कशी आली आणि ती आपल्याकडे आणायची तर काय बदलावे लागेल, हे आता पाहू.

दुष्काळ आणि अंश-दिवस

घराची उष्णता मोजायला दोन आकडे लागतात. पहिला आकडा भिंतीचा व छपराचा. पदार्थातून उष्णता कशी वाहते, याचे गणित फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिये यांनी १८२२ साली आपल्या ग्रंथात मांडले. त्याच पायावर पुढे अभियंत्यांचे ‘यू-मूल्य’ उभे राहिले. दोन्ही बाजूंच्या तापमानात १ अंशाचा फरक असताना भिंतीच्या १ चौरस मीटरमधून दर सेकंदाला जितके ज्यूल उष्णता जाते, ते तिचे यू-मूल्य. हा आकडा जितका लहान, तितकी भिंत उष्णतेला अधिक अडवते.

दुसरा आकडा हवामानाचा. आपल्या धाग्याचे दुसरे टोक इथे आहे. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. पुण्यात लष्करी हिशेबखात्यात कारकून असलेल्या वासुदेव बळवंतांनी लोकांचे हाल पाहिले आणि १८७९ च्या फेब्रुवारीत बंड उभारले. त्याच दुष्काळानंतर सरकारने १८७८ साली एक आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष होते सर रिचर्ड स्ट्रेची, बंगाल इंजिनिअर्समधून वर चढलेले एक अधिकारी. याच स्ट्रेचींचा एक शास्त्रीय निबंध १८७८ सालचा आहे. एखाद्या ठिकाणचे तापमान वर्षभरात ठरावीक पायापेक्षा किती अंशांनी आणि किती काळ वर राहिले, त्याची बेरीज कशी करावी, ही रीत त्यांनी त्यात दिली. विचार होता पिकांचा. वनस्पतीच्या वाढीसाठी एकूण किती उष्णता साठते, हे त्यांना मोजायचे होते.

ही रीत सोपी आहे. पाया २६ अंश सेल्सिअस धरला आणि एखाद्या दिवसाचे सरासरी तापमान ३० अंश असले, तर त्या दिवसाचे ४ अंश-दिवस झाले. असे दहा दिवस गेले की ४० अंश-दिवस. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत अमेरिकेतील गॅस कंपन्यांनी हीच रीत उलटी करून वापरली. बाहेरचे तापमान ६५ अंश फॅरनहाइटच्या (सुमारे १८ अंश सेल्सिअस) खाली किती गेले, त्याची बेरीज केली की घरे तापवायला किती गॅस लागेल याचा अंदाज बांधता येई. पिकांसाठी काढलेला हिशेब असा घरात शिरला.

दाखल्याचा जन्म

आकडे होते, पण ते घर घेणाऱ्याला सांगण्याची गरज कोणाला वाटत नव्हती. इंधन स्वस्त होते. १९७३ साली तेलाच्या किमती भडकल्या आणि चित्र पालटले. डेन्मार्कला मोठा धक्का बसला, कारण त्या देशाची बहुतेक ऊर्जा आयात तेलातून येत होती. जुनी घरे दुरुस्त केल्याविना इंधन वाचणार नाही, हे उघड झाले. पण दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा? इथे एक जुनीच गाठ आहे. भिंत बांधतो एक आणि बिल भरतो दुसरा. बांधणारा स्वस्तात बांधतो, भाड्याने देणाऱ्याला बिलाची झळ लागत नाही आणि राहणाऱ्याच्या हातात भिंत नसते.

ही गाठ सोडवण्याचा एक मार्ग म्हणजे माहिती. घर हातांतरित होताना त्याचा आकडा समोर आला, तर चांगल्या घराला जास्त किंमत मिळेल आणि मग बांधणाऱ्यालाही भिंतीकडे पाहावे लागेल. ब्रिटनमधील मिल्टन कीन्स या नव्या शहरात १९८६ साली ‘एनर्जी वर्ल्ड’ नावाचे घरांचे प्रदर्शन भरले. तिथल्या घरांना ऊर्जेच्या अपेक्षित खर्चावरून निर्देशांक दिला गेला. डेन्मार्कने १९९७ पासून लहान घरे विकताना ऊर्जेचे लेबल सक्तीचे केले. पुढे १६ डिसेंबर २००२ रोजी युरोपीय संघाने निर्देश काढला, की इमारत बांधताना, विकताना किंवा भाड्याने देताना ऊर्जेचा दाखला दिला पाहिजे आणि तो १० वर्षांहून जुना असता कामा नये. इंग्लंड व वेल्समध्ये घरांच्या विक्रीसाठी हा दाखला २००७ पासून टप्प्याटप्प्याने आला आणि भाड्याच्या घरांसाठी ऑक्टोबर २००८ पासून. दाखल्यावर ए ते जी अशा सात श्रेणी असतात. एप्रिल २०१८ पासून तिथे ई श्रेणीहून वाईट घर, काही अपवाद वगळता, नव्याने भाड्याने देण्यास बंदी झाली. आधी नुसती माहिती, मग तिच्या आधाराने किमान अट, असा हा प्रवास आहे.

दाखल्यात उणीव नाही असे नव्हे. तो घराचा असतो, माणसांचा नव्हे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की जर्मनीतील घरे दाखल्यावरील हिशेबापेक्षा सरासरी ३० टक्के कमी ऊर्जा वापरत होती. घर जितके गळके, तितके लोक हात आखडून इंधन जाळत होते. ही गोष्ट लक्षात ठेवू, कारण आपल्याकडे तिचे महत्त्व फार मोठे आहे.

आपल्याकडचा हिशेब

भारतात ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला आणि मार्च २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला. महाराष्ट्रात या कायद्याचे काम महाऊर्जा ही संस्था पाहते. २००६ पासून फ्रिजवर तारे दिसू लागले. आज दुकानात गेलेली गृहिणी आधी तारे मोजते आणि मग किंमत विचारते. घरांची पाळी बरीच उशिरा आली. १४ डिसेंबर २०१८ रोजी ‘इको निवास संहिता’ जाहीर झाली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये घरांसाठीही १ ते ५ तारे देणारी ऐच्छिक योजना निघाली. २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतींना कायद्याच्या कक्षेत आणण्याची वाट मोकळी केली. पण घर विकताना किंवा भाड्याने देताना दाखला दाखवलाच पाहिजे, असे बंधन आपल्याकडे नाही.

इको निवास संहितेतले तीन आकडे शिक्षकांनी जरूर टिपून ठेवावेत. छपराचे यू-मूल्य १.२ पेक्षा अधिक नसावे. थंड प्रदेश सोडून इतरत्र, भिंती व खिडक्यांतून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी १५ वॉटच्या वर जाऊ नये. आणि पनवेलसारख्या उष्ण-दमट हवामानात खिडक्यांचा उघडणारा भाग घराच्या चटईक्षेत्राच्या निदान एक-षष्ठांश असावा. म्हणजे ६० चौरस मीटरच्या घराला १० चौरस मीटर. सरकत्या काचेची खिडकी एका वेळी निम्मीच उघडते, हे ध्यानात घेऊन आपले घर मोजून पाहा!

आता छपराचे गणित करू. १५ सेंटिमीटर जाडीच्या उघड्या काँक्रीट स्लॅबचे यू-मूल्य सुमारे ३.३ येते. खोली १२ चौरस मीटरची आहे आणि ऊन धरून बाहेरचे परिणामी तापमान आतल्यापेक्षा २० अंशांनी अधिक आहे असे समजू. ३.३ × १२ × २० म्हणजे सुमारे ८०० वॉट. एक इस्त्री छताला उलटी टांगून चालू ठेवावी, तसेच हे झाले. यू-मूल्य १.२ असेल तर तोच आकडा २९० वॉटच्या आत येतो. स्लॅब तापायला व निवायला वेळ लागतो, म्हणून हे गणित ढोबळ आहे. पण दोन छपरांतला फरक त्यातून स्पष्ट होतो.

आता जर्मनीची गोष्ट आठवा. शिरढोण-पनवेल भागात घर तापवण्याचे अंश-दिवस जवळजवळ शून्य आहेत. घर थंड करण्याचे अंश-दिवस पुष्कळ, पण वातानुकूलन यंत्र परवडणारी कुटुंबे थोडी. अशा वेळी वीजबिलावरून घराची पारख केली तर काय होईल? पत्र्याच्या खोलीत एका पंख्यावर उन्हाळा काढणाऱ्या कुटुंबाचे बिल सर्वांत कमी येईल आणि ती खोली ‘उत्तम’ ठरेल! ज्या घराने माणसांना सर्वांत जास्त भाजले, त्यालाच शाबासकी! म्हणून आपला दाखला बिलावर उभा राहता कामा नये. तो भिंत, छप्पर व खिडकीवर आणि आत माणसाला काय सोसावे लागते यावर उभा राहिला पाहिजे. यासाठी लागणारे शास्त्र आपल्याच देशात झालेले आहे. रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेत एम. आर. शर्मा व शराफत अली यांनी १९८६ साली उष्ण कटिबंधासाठी उन्हाळी निर्देशांक मांडला. ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाचे तापमान, काळ्या गोलकातील तापमान आणि वाऱ्याचा वेग या तिन्हींचा त्यात विचार आहे. दमट कोकणात नुसत्या तापमापकावर भागत नाही, हे आपण घामाघूम होऊन जाणतोच.

या कसोटीवर जुने कौलारू घर कसे उतरेल? सरसकट शंभर गुण देण्याचा मोह टाळावा. कौल पातळ असते आणि दुपारी तापतेही. पण छप्पर उंच, कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, माळा मध्ये आडवा येतो, पडवीमुळे भिंतीवर ऊन पडत नाही आणि रात्री कौल लवकर निवते. उलट बाजूला माजघर अंधारे आणि चुलीचा धूर घरभर. जाळलेल्या लाकडांची ऊर्जा तर कोणत्याच बिलात आली नाही. ती बाईच्या डोक्यावरच्या मोळीतून आली. प्रामाणिक दाखल्यात हे सारे लिहावे लागेल.

वर्गात करून पाहा

दाखला सक्तीचा होईल तेव्हा होवो. फ्लॅट विकताना चटईक्षेत्र स्पष्ट सांगण्याचे बंधनही २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने पक्के होण्यापूर्वी ग्राहकांनी अनेक वर्षे ‘बिल्ट-अप’ आणि ‘सुपर बिल्ट-अप’ यांच्या घोळात काढलीच. लोक विचारू लागले, की मोजमाप येते.

नववी-दहावीच्या मुलांना दोन-दोनच्या गटांत एक कौलारू, एक स्लॅबचे आणि शक्य तर एक पत्र्याचे घर निवडायला सांगा. खिडक्यांचा उघडणारा भाग मोजून जमिनीच्या क्षेत्रफळाने भागावा. साधा तापमापक आणि ओल्या कापडाचा तापमापक शेजारी टांगून सकाळी आठ, दुपारी तीन व रात्री दहा वाजता नोंदी घ्याव्यात, आठवडाभर. छप्पर कशाचे, पश्चिमेच्या भिंतीवर सावली आहे का, स्वयंपाकाला इंधन कोणते, हेही लिहावे. मग प्रत्येक घराचा एका पानाचा दाखला तयार करावा. घरमालकाचे नाव त्यावर नको.

शिरढोणला सहल नेणार असाल तर तापमापक बरोबर असू द्या. १८७८ साली पिकांसाठी केलेली ती बेरीज गावातल्या एखाद्या ओटीवर बसून मुलांना करता येईल. आणि त्यांतले एखादे मूल मोठेपणी घर भाड्याने घेताना छताकडे पाहून मालकाला दोन प्रश्न विचारील, एवढी अपेक्षा धरायला हरकत नाही.