कडीपाटावरील न्हाणीघराचे समतलन

कडीपाटावरील न्हाणीघराचे समतलन : जुन्या घराच्या माडीवर, लाकडी कड्या आणि फळ्यांच्या जमिनीवर न्हाणीघर काढताना फरशी बसवण्यापूर्वी ती जमीन एका पातळीत आणण्याचे काम. मुंबईत फरशीला लादी म्हणतात, काम तेच. यात सुतार आधी, गवंडी नंतर. हा क्रम उलटला की बहुतेक कामे बिघडतात.

जुन्नर-आंबेगावकडच्या जुन्या वाड्यांत तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्यांची तक्तपोशी, तिच्यावर मातीचा थर आणि सारवण अशी माडीची रचना असे. दगडी मोरी खाली, परसाकडे. लाकडावर पाणी साचू द्यायचे नाही, हे जुने शहाणपण. आता घरातल्या वृद्धांना जिना नको असतो आणि लेण्याद्रीला आलेल्या यात्रेकरूला खोलीला लागून न्हाणीघर हवे असते; म्हणून मोरी माडीवर चढली. लेण्याद्रीच्या डोंगरात सहाव्या लेण्यातील चैत्यगृहाचे कमानदार छत लाकडी बांधणीची आठवण देते, आणि गिरिजात्मज गणपतीचे सुमारे १७ मीटर लांबीचे दालन एकाही खांबाविना उभे आहे. तिथल्या कारागिरांनी सुतारकामाचे रूप घेतले, पण जमीन कातळाची असल्याने त्यांना लाकडाचा झोल, म्हणजे मधोमध झुकणे, सोसावा लागला नाही.

माडीला तो सोसावा लागतो. वर्षानुवर्षांच्या भाराने कड्या मधोमध झुकतात. ओल घेऊन-सोडून फळ्या कडेने उचलल्या जातात. सगळ्यात वाईट म्हणजे भिंतीत पुरलेले कडीचे टोक कुजते किंवा वाळवी खाते. वरून काहीच दिसत नाही. म्हणून पहिली पायरी पाणसळ लावण्याची नसून टोचणीची : टोकदार हत्यार लाकडात सहज रुतले, तर लाकूड गेलेले आहे.

झोल दिसला की त्यात सिमेंटचा माल ओतून वर सपाट करणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत चुकीचा उपाय. मालाच्या ५ सेंमी थराचे वजन दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो भरते आणि तो थर सर्वांत जाड पडतो तो जिथे कडी आधीच वाकली आहे तिथेच. कडी आणखी झुकते, फरशीचे सांधे फुटतात, पाणी खाली शिरते. झोल वरून भरायचा नसतो, खालून काढायचा असतो. कडीला टेकू देऊन हळूहळू उचलतात, शेजारी नवी जोडकडी बोल्टांनी आवळतात आणि फट राहील तिथे सुकलेल्या लाकडाची पाचर देतात. फळीचा उंचवटा रंध्याने काढतात. फरशीसारखे ठिसूळ आवरण पेलणाऱ्या लाकडी कडीचा झुकाव गाळ्याच्या १/३६० पेक्षा जास्त नसावा, असे भारतीय मानक (आयएस) ८८३ सांगते; ३.६ मीटरच्या कडीला ही मर्यादा फक्त १० मिमी पडते.

यानंतर फळ्यांवर आयएस ७१० प्रतीचा मरीन प्लायवूड स्क्रूने पक्का करतात, तक्त्यांमध्ये सुमारे ३ मिमी फट ठेवून. उरलेला किरकोळ खोलगटपणा लाकडासाठी योग्य अशा, आपोआप पसरणाऱ्या समतलन मिश्रणाने भरतात. ३ मीटरच्या पट्टीखाली ६ मिमीपर्यंतचा फरक लहान फरशीला चालतो. मोठ्या फरशीला ३ मिमीच. सगळे सपाट झाले की मगच मुद्दाम उतार काढायचा, मीटरला दीड-दोन सेंमी, न्हाणी ट्रॅपच्या दिशेने. (प्लंबरच्या इंग्रजीतही हे मराठी नाव टिकून आहे.) ट्रॅपसाठी कडी मधोमध कापू नये, तो दोन कड्यांच्या मध्ये बसवावा. जलरोधक थर भिंतीवरही चढवून, २४ तास पाणी साठवून खालचे छत तपासल्याशिवाय फरशीला हात लावू नये. फरशी चिकटवायला लवचीक पॉलिमरयुक्त मिश्रण वापरावे, कारण लाकूड हलणारच.

मुंबईच्या जुन्या लाकडी चौकटीच्या चाळींनी दाखवून दिलेले मरण हेच : खोलीतल्या मोरीची गळती आणि तिच्याखाली कुजलेल्या कड्या. अशा इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. टोचणी लावल्यावर कडीची दोन्ही टोके मऊ लागली, तर समतलनाचा विचार सोडून कडीच बदलावी.