पेठ आणि यार्ड

शहराची वाढ मोजण्याची सरकारी रीत म्हणजे खानेसुमारी. १९०१ सालीं छावणीसुद्धां पुण्याची लोकसंख्या १,५३,३२० भरली. २०११ सालीं एकट्या महानगरपालिकेच्या हद्दींत ती ३१,२४,४५८ झाली. परंतु माणसें राहत कोठें आणि राबत कोठें, हें या आकड्यांवरून उमगत नाहीं. त्याकरितां पेठांचीच साक्ष काढावी लागते.

जुन्या पेठेंत हीं दोन्ही ठिकाणें बहुधा एकच असत. कसब्यांतील तांबट आळी किंवा कागदीपुरा घ्या. धंद्यावरून वस्तीस नांव पडलें आणि वस्तीवरून माणसाची ओळख ठरली. नाना व भवानी या पेठांत धान्याचा आणि गुळाचा व्यापार नांदला. १८५८ सालीं आगगाडी पुण्यास आली, १८६३ सालीं बोरघाट खुला होऊन मुंबईची वाट सलग झाली, आणि व्यापारास नवें बळ आलें.

घर आणि काम यांची फारकत प्रथम कारखान्यांनीं केली. १८६९ सालीं खडकीस दारूगोळ्याचा कारखाना निघाला; स्वातंत्र्यानंतर पिंपरीकडे उद्योगांची रांग लागली. घाऊक बाजाराची पाळी सर्वांत शेवटीं आली. पेठांचे बोळ मालमोटारींना पुरेनात. १९३९ व १९६३ च्या कायद्यांनीं शेतमालाच्या खरेदीविक्रीस नियमन घातलें, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हा व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत गेला.

जुन्या पेठेच्या आठवणीनें आम्हां मध्यमवर्गीयांचें मन हळवें होतें. परंतु त्या आठवणींत पोतें वाहणारा हमाल कोठें असतो? पेठांना वारांचीं नांवें मिळालीं, नाना फडणविसांचें मिळालें. ज्याच्या पाठीवर बाजार उभा होता, त्याची नोंद कोणत्याच वहींत नव्हती. ती व्हावी म्हणून बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीस झगडावें लागलें. १९६९ च्या माथाडी कायद्यानें हमालाच्या नोंदणीस, मजुरीस आणि भविष्यनिर्वाह निधीस आधार दिला. पंचायतीनें ‘कष्टाची भाकर’ काढून घरापासून दूर राबणाऱ्यास स्वस्त जेवणही दिलें.

यार्ड रुक्ष आहे, हें खरें. तरी पुण्याचा पुढील इतिहासकार सनदा आणि दप्तरें चाळावयास बसेल, तेव्हां त्यानें हमालांच्या नोंदवह्याही मागवून घ्याव्या. खानेसुमारीनें केवळ मोजलेलीं माणसें त्यांत नांवानिशीं भेटतील.