जिताडा, चिलापी आणि एका तळ्यातली भाऊबंदकी

आजच्या भागात मासे आहेत, पण ताटातले नाहीत. म्हणजे शेवटी ताटात येतीलच, आपण रायगडच्या शेजारी राहतो, ते टळणार नाही. पण त्याआधी एक प्रश्न. तीन फुटी टाकीत मोठ्या तोंडाचा मासा आणि लहान तोंडाचा मासा एकत्र सोडला तर काय होतं? खारघरपासून ऐरोलीपर्यंत ज्यांच्या हॉलमध्ये काचेची टाकी आहे, त्यांना उत्तर पाठ आहे. सकाळी बघावं तर एक मासा कमी. किंवा सगळे हजर, पण एकाची शेपटी कुरतडलेली आणि तो फिल्टरच्या मागे दबकून बसलेला.

अमेरिकेत हीच तक्रार सनफिश आणि बास या त्यांच्या देशी माशांबद्दल होते. गंमत म्हणजे हे दोघे एकाच कुळातले. बास मोठा, ‘आ’ वासून गिळणारा. सनफिश चपटा, तळहाताएवढा, स्वतःच्या जागेसाठी अंगावर धावून जाणारा. एक खातो, दुसरा मारतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आत्ताच लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे बासच्या जागी कोण? जिताडा. गोव्यात याला चणक म्हणतात, इंग्रजी नावातही ‘सी बास’ आहे. आणि सनफिशच्या जागी चिलापी, म्हणजे तिलापिया. हे आपल्या बास-सनफिशसारखे नातेवाईक नाहीत, पण तळ्यातली भूमिका तीच. आणि हे दोघे एका पाण्यात कसे ठेवायचे, हा प्रश्न नवी मुंबईच्या दक्षिणेला, खाडीपलीकडे, लोकांनी टाकी विकत घेण्याच्या कितीतरी आधी सोडवायला घेतला होता.

ती जागा म्हणजे खारेपाट. अलिबाग आणि पेण तालुक्यांतला खाडीलगतचा सखल पट्टा. इतिहासाच्या पुस्तकात हा भाग येतो तो चरीच्या संपामुळे. नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने १९३३ ते १९३९ इथल्या कुळांनी खोतांच्या विरोधात शेती करायचीच थांबवली होती. पण त्या शेतीची रचना फारसं कोणी सांगत नाही. समुद्र बाहेर ठेवायला मातीचे बांध. बांधात उघाडी, म्हणजे दार, पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर जावं आणि भरतीचं आत येऊ नये म्हणून. आत भात. आणि घराजवळ किंवा शेताच्या कडेला तळं. त्या तळ्यात जिताडा.

जिताड्याचं आयुष्य थोडं उलटसुलट असतं. अंडी घालतो समुद्रात, खाडीच्या मुखाजवळ, पावसाळ्यात. पिल्लं भरतीबरोबर खाडीत, खाजणात, भाताच्या खाचरांपर्यंत शिरतात आणि निमखाऱ्या किंवा गोड्या पाण्यातही मजेत वाढतात. हीच पिल्लं धरून तळ्यात सोडायची. आणखी एक, जिताडा आधी नर असतो, आणि काही वर्षांनी, चांगला मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे खाडीतले सगळ्यात मोठे जिताडे म्हणजे बहुतेक आयाच.

आता भांडण. जिताडा लहानपणापासून आपल्याच भावंडांना खातो. स्वतःच्या लांबीच्या निम्म्याहून मोठं भावंडसुद्धा तो गिळू शकतो. शंभर पिल्लं सोडली आणि त्यातली दहा थोडी मोठी असली, तर काही आठवड्यांत ती दहा अजून मोठी होतात आणि बाकीची गायब. याला आपण ‘आक्रमक स्वभाव’ म्हणतो. मला हा शब्द इथे पटत नाही. रागाचा काही संबंध नाही, तोंडाचं माप आणि भूक, एवढंच आहे. त्यामुळे उपायही मापाचाच. सोडताना सगळी बोटुकली एका आकाराची सोडायची, आणि पोट भरेल इतकं दुसरं काहीतरी तळ्यात कायम हवं. पूर्वी ते दुसरं काहीतरी म्हणजे भरतीबरोबर आत आलेली कोळंबी, बोयटं, चिंगळं.

भारतात जिताड्याचं बीज बंदिस्त जागेत तयार करायला जमलं ते १९९७ मध्ये, चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यपालन संस्थेत. तिथेही सगळ्यात कटकटीचं काम हेच, दर थोड्या दिवसांनी पिल्लं छिद्रांच्या भांड्यांतून चाळायची, मोठी एकीकडे, लहान दुसरीकडे. प्रयोगशाळा झाली, पंप आले, ऑक्सिजन आला, तरी आधी काय? चाळण.

मग चिलापी कुठून आली? मूळची आफ्रिकेची. भारतात आली १९५२ मध्ये, स्वस्त प्रथिनं मिळतील म्हणून. ती मिळालीही. पण चिलापी भराभर वाढते, मादी पिल्लं तोंडात सांभाळते, नर तळाशी खड्डा करून त्याच्याभोवती पहारा देतो आणि जवळ येईल त्याला हाकलतो. एकट्या चिलापीचं तळं काही महिन्यांत बोटभर माशांनी भरून जातं. कोणीच धड वाढत नाही. उजनीच्या काठावर विचारा.

आता जरा लांब जाऊ, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, कारण तिथे हाच गोंधळ कागदावर मांडला गेला. ऑबर्नच्या कृषी महाविद्यालयात होमर स्विंगल नावाचे संशोधक १९३०च्या दशकापासून शेततळी भरून आणि उपसून मासे मोजत होते. नुसते सनफिश सोडले की तळं खुज्या माशांनी भरतं. नुसता बास सोडला की तो उपाशी राहतो आणि आपलीच पोरं खातो. दोघे योग्य प्रमाणात असले की दोघेही वाढतात. त्यांचं गाजलेलं प्रमाण असं, खत घातलेल्या एका एकर तळ्याला १५०० ब्लूगिल सनफिश आणि १०० बास. आणि क्रम महत्त्वाचा. आधी सनफिश, मग बास.

आणि बघा, १९८०च्या दशकात थायलंडमध्ये जिताडा पालनाच्या ज्या पुस्तिका निघाल्या त्यांत काय सांगितलंय? तळ्यात आधी चिलापी सोडा, एका नराला तीन माद्या या हिशोबाने. महिना-दोन महिने जाऊ द्या, पिल्लं होऊ द्या, मग जिताड्याची बोटुकली सोडा. अलाबामाचंच गणित, फक्त पाणी निमखारं. चिलापीचा नर जागेसाठी भांडत राहतो, त्याची पोरं जिताडा खातो, तळ्यात गर्दी होत नाही. भांडण मिटलं नाही, कामाला लागलं.

हेच घरच्या टाकीत का जमत नाही? हिशोब करू. समजा तळं दहा मीटर लांब, दहा रुंद, दीड मीटर खोल. दीड लाख लिटर. तुमची तीन फुटी टाकी साधारण शंभर लिटर. म्हणजे दीड हजारपट फरक. पण लिटरपेक्षा महत्त्वाचं आहे पळून जाणं. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कोनराड लोरेंझ यांनी आक्रमकतेवरचं त्यांचं १९६३चं पुस्तक माशांपासूनच सुरू केलं. हरलेला मासा समुद्रात थोडं अंतर पळतो आणि विषय संपतो, कारण जिंकणाऱ्याला फक्त जागा हवी असते. टाकीत पळायला जागाच नसते, म्हणून जिंकणारा मारतच राहतो. दोष माशाचा नाही, काचेचा आहे.

मुंबईकरांनी माशांकडे बघायला शिकलं तेही काचेतूनच. चर्नी रोडचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झालं. खर्च आठ लाख, त्यातले दोन लाख तारापोरवाला या पारशी दात्याचे. तिथली युक्ती सोपी होती, भिंतीत वेगवेगळ्या टाक्या, चित्रांच्या चौकटींसारख्या. ज्याचं पटत नाही त्याला वेगळी खोली. आपण घरी टाकी आणली, पण खोल्या आणल्या नाहीत.

तर टाकीवाल्यांसाठी, आधी केलेला फरक आठवा. मासा खाणारा आहे की मारणारा? खाणाऱ्यावर एकच उपाय, त्याच्या तोंडात मावेल असं काही त्याच्याबरोबर ठेवू नका, आणि आज मावत नाही ते सहा महिन्यांनी मावेल हे धरून चाला. जिताडा तर शंभर लिटरमध्ये आणूच नका, दुकानात बोटभर दिसतो म्हणून फसू नका. मारणाऱ्यावर मात्र उपाय चालतात. नवा मासा सोडताना दगड, लाकडं सगळी हलवून मांडा, म्हणजे जुन्याची हद्दच पुसली जाते. एकमेकांच्या नजरेआड होता येईल अशा आडोशाच्या जागा दोन-तीन ठेवा, एकच ठेवली तर तिच्यावरूनच मारामारी. आणि फारच झालं तर मध्ये जाळी.

एवढं करूनही जमलं नाही तर? तर दुकानदाराला परत द्या. तलावात सोडू नका. १९६० मध्ये जपानचे युवराज अकिहितो शिकागोला गेले, तिथल्या महापौरांनी त्यांना ब्लूगिल भेट दिले. चांगल्या हेतूने जपानमध्ये वाढवले गेले, आणि पुढे ते बिवा तलावात पसरून तिथल्या देशी माशांवर उठले. २००७ मध्ये सम्राट म्हणून अकिहितोंनी त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. हे स्वतः मत्स्यशास्त्रज्ञ, गोबी माशांचे अभ्यासक, म्हणजे आपल्या खाडीतल्या निवट्यांच्या नातेवाईकांचे! त्यांच्या हातून झालं, तर आपल्या हातून नेरूळच्या धारण तलावात व्हायला किती वेळ?

धारण तलावावरून आठवलं. १९७० मध्ये सिडको स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरली. भातशेती, मिठागरं, खाजणं. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर आले, पाच जणांचा जीव गेला, पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हिशोब झाला. तो हिशोब जमिनीचा होता. पाण्यात काय कधी सोडायचं, किती मापाचं सोडायचं, हे ज्ञान कुठल्या सातबाऱ्यावर लिहिणार?

खारेपाटात अजून तळी आहेत. पण बांध फुटले की खारं पाणी शेतात शिरतं, आणि मग भात जातं, तिवरं उगवतात. पिल्लं खाडीतून यायची तर खाडीत मोठ्या माद्या उरायला हव्यात, आणि बाजारात सगळ्यात जास्त भाव त्यांनाच मिळतो. त्यामुळे हॅचरीतलं बीज विकत आणणं हा पर्याय आता दिसतो, आणि ते वाईट नाही.

पुढच्या पावसात पेण-पोयनाडच्या रस्त्याने अलिबागला गेलात आणि एखाद्या काकांच्या तळ्यावर थांबलात, तर ‘जिताडा किती किलोचा होतो’ हे विचारू नका, ते सगळेच विचारतात. ‘काका, बोटुकली किती मापाची सोडलीत, आणि त्याआधी तळ्यात काय होतं?’ असं विचारा. मग वेळ काढून बसा.