प्रेक्षक मंचावर चढतो तेव्हा

ब्राझीलचे नाट्यकर्मी आउगुस्तो बोआल यांना १९७१ साली लष्करी राजवटीने अटक करून त्यांचा छळ केला. पुढे त्यांना देश सोडावा लागला. १९७३ साली पेरूमधील साक्षरता मोहिमेच्या काळात एक प्रेक्षक स्त्री, आपली सूचना नटांना उमगत नाही असे पाहून, स्वतःच मंचावर चढली. ‘फोरम थिएटर’चा उगम या प्रसंगात आहे, असे ते सांगत. त्यात अन्यायाचा प्रसंग पुन्हा सादर होताना कोणीही ‘थांबा’ म्हणून पीडिताची जागा घेतो व निराळा मार्ग करून पाहतो. तत्पूर्वी खेळ व व्यायाम होतात. कारण रोजच्या श्रमाने जखडलेले शरीर प्रथम मोकळे व्हावे लागते. १९९३ ते १९९६ या काळात रिओच्या नगरसभेचे सदस्य असताना अशाच प्रयोगांतील सूचनांतून त्यांनी १३ कायदे संमत करून घेतले. मंचावर ‘थांबा’ म्हणण्याचा सराव झालेला मनुष्य जीवनातही तो शब्द उच्चारू शकतो, हे या पद्धतीचे मर्म होय.