त्रिरश्मी डोंगरावरील विसावे लेणे : विहार, मंदिर आणि बुद्धमूर्ती

प्रस्तावना

नाशिक शहराच्या दक्षिणेस, इंदिरानगरपासून थोड्याच अंतरावर, मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगर आहे. त्याच्या कड्यात कोरलेल्या चोवीस लेण्यांना लोकपरंपरेने ‘पांडवलेणी’ हे नाव दिले. विसाव्या लेण्याच्या गाभाऱ्यातील भव्य बुद्धमूर्ती हे तेथील एक प्रमुख श्रद्धास्थान होय. लेण्यात सातवाहन राजाचा लेख असल्याने मूर्तीही सातवाहनकालीन असावी, असा समज सहज होतो. हा समज कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लेखाची साक्ष

हा लेख यज्ञश्री सातकर्णीच्या राज्यकाळाच्या सातव्या वर्षाचा, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. बोपकी नावाच्या यतीने खोदण्यास घेतलेले हे लेणे अनेक वर्षे अपुरे राहिले. पुढे महासेनापती भवगोप याची पत्नी वासू हिने ते पूर्ण करवून चारही दिशांच्या भिक्षुसंघास निवासासाठी अर्पण केले. या दानलेखात मूर्तीचा उल्लेख नाही. वासूने दिले ते भिक्षूंचे वसतिस्थान, पूजास्थान नव्हे. त्या काळातील उपासनेचे प्रतीक स्तूप हे होते. अठराव्या लेण्यातील चैत्यगृह आणि तिसऱ्या लेण्याच्या मागील भिंतीवरील स्तूपाचे शिल्प याची साक्ष देतात.

वास्तूतील परिवर्तन

फर्ग्युसन व बर्जेस यांनी 1880 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातील मोजमापे येथे निर्णायक ठरतात. मूळ दालन सुमारे 40 फूट खोल होते. नंतर मागील खडक कोरून ते साडेएकसष्ट फुटांपर्यंत वाढविण्यात आले. याच वाढीव भागात अंतराळ व गाभारा आहे. गाभाऱ्यातील बुद्ध सुमारे 10 फूट उंच असून पाय खाली सोडून, कमळावर टेकवून बसलेला आहे. उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी यांत डाव्या हाताची करंगळी धरलेली ही धर्मोपदेशाची मुद्रा होय. दोन्ही बाजूंस चामरधारी आहेत. दाराशी साडेनऊ फूट उंचीचे द्वारपाल कमळाचे देठ धरून उभे आहेत. एकाच्या शिरोभूषणात स्तूप, तर दुसऱ्याच्या शिरोभूषणात बुद्धप्रतिमा आहे. औरंगाबादच्या उत्तरकालीन बौद्ध लेण्यांतील शिल्पांशी असलेले त्यांचे साम्य लक्षात घेता हे काम सहाव्या-सातव्या शतकातील ठरते. वासूचे दान आणि ही मूर्ती यांत सुमारे चार शतकांचे अंतर आहे.

विस्मरण आणि पुनःस्थापना

बौद्ध संघ येथून नाहीसा झाल्यानंतर या लेण्यात बैरागी दीर्घकाळ राहिले. त्यांच्या धुनीच्या काजळीने शिल्पांचे बारकावे झाकले गेले होते, अशी नोंद वरील ग्रंथात आहे. मूर्ती जागेवर होती. लोप पावली होती ती तिची ओळख. एकोणिसाव्या शतकात भगवानलाल इंद्रजी प्रभृतींनी लेखांचे वाचन केल्यावर ती ओळख विद्वानांना पुन्हा उपलब्ध झाली. परंतु समाजाच्या व्यवहारात ती परतण्यास आणखी काळ लागला. 1930 मध्ये याच नाशकात काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह करावा लागला; 1935 मध्ये येवल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली आणि 1956 मध्ये नागपूर येथे धम्मदीक्षा घेतली. ज्यांना देवळाची दारे बंद होती, त्यांच्यासाठी त्रिरश्मीवरील बुद्ध हा केवळ पुरावशेष उरला नाही. पुढे पायथ्याशी बुद्धस्मारक उभे राहिले आणि 2023 मध्ये अनुराधापूरच्या बोधिवृक्षाची फांदी तेथे रोवण्यात आली.

निष्कर्ष

विसावे लेणे एका काळाचे अथवा एका दात्याचे नाही. बोपकीने आरंभ केला, वासूने निवास दिला, उत्तरकालीन उपासकांनी मूर्ती घडविली आणि आधुनिक बौद्धांनी तिला पुन्हा उपास्य केले. मूर्तीचा काळ अलीकडे आणल्याने तिचे महत्त्व उणावत नाही. उलट, सातवाहन सत्ता लयास गेल्यावरही येथील बौद्ध परंपरा शतकानुशतके जिवंत होती, याचा ती सबळ पुरावा ठरते. म्हणून लेखाचा काळ मूर्तीस लावण्याऐवजी दोन्ही स्वतंत्रपणे वाचणे, हेच इतिहासदृष्ट्या न्याय्य ठरेल.